किरणोत्सारी वस्तू कोणाच्या ताब्यात आहे? अमेरिकेतली राज्य सरकारं हा हिशेब कसा ठेवतात

अमेरिकेतल्या अणुभट्ट्यांवर केंद्र सरकारची नजर असते, हे पुष्कळांना माहीत असतं. पण किरणोत्सर्ग काही फक्त अणुभट्टीत नसतो. दातांच्या दवाखान्यात एक्स-रे यंत्र असतं. कर्करोगाच्या रुग्णालयात तांदळाच्या दाण्याहून लहान असा इरिडियमचा तुकडा असतो. तेलविहिरीत अमेरिशियमची कुपी खोलवर सोडून खडकांची माहिती घेतली जाते. रस्ता बांधताना खालची माती पुरेशी दाबली गेली की नाही हे पाहायला सिझियम असलेलं एक उपकरण वापरतात आणि ते रोज ट्रकच्या मागे टाकून या गावाहून त्या गावाला नेलं जातं. या सगळ्याचा हिशेब बहुतेक ठिकाणी राज्य सरकारचं एखादं खातं ठेवतं. टेक्सस, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, वॉशिंग्टन या राज्यांत ते आरोग्य खातं आहे, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात पर्यावरण खातं, तर इलिनॉयमध्ये आपत्ती व्यवस्थापनाचं खातं. त्या खात्याच्या पोटात किरणोत्सर्ग नियंत्रणाचा एक विभाग असतो. वर्तमानपत्रांत त्याचं नाव सहसा येत नाही, आणि जेव्हा येतं तेव्हा बातमी बहुधा वाईट असते.

हे काम राज्यांकडे कसं आलं ते आधी पाहू, कारण अधिकारांची वाटणी थोडी विचित्र आहे आणि तिची कारणं इतिहासात आहेत.

१९५४ च्या अणुऊर्जा कायद्याने किरणोत्सारी पदार्थांवरचा ताबा केंद्राकडे ठेवला. पण कायद्याच्या डोळ्यांपुढे होत्या बॉम्ब आणि अणुभट्ट्या, म्हणून त्यात मोजक्याच गोष्टी आल्या: युरेनियम, थोरियम, प्लुटोनियम आणि अणुभट्टीत तयार होणारे किरणोत्सारी पदार्थ. एक्स-रे यंत्रात किरणोत्सारी पदार्थच नसतो, किरण विजेवर तयार होतात, त्यामुळे ते कायद्याच्या बाहेर राहिलं. रेडियम निसर्गात सापडतं, तेही बाहेर. म्हणजे घड्याळाच्या काट्यांना रेडियमचा रंग लावणाऱ्या न्यू जर्सीतल्या तरुण मुली ज्याने आजारी पडल्या आणि दगावल्या, त्या पदार्थावर पुढे कित्येक वर्षं केंद्राच्या अणुकायद्याची सत्ता नव्हती. ही मोकळी जागा राज्यांनी भरली. बुटांच्या दुकानांत पाय बुटात नीट बसतो का हे गिऱ्हाईकाला दाखवण्यासाठी एक्स-रे यंत्रं ठेवलेली असत आणि लहान मुलं हौसेने पुन्हा पुन्हा पाय घालून आपली हाडं बघत. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियाने या यंत्रांवर पहिली बंदी आणली आणि मग एकेक करत इतर राज्यं त्या वाटेने गेली.

राज्यांना हे काम जमतं, हे तोवर दिसू लागलं होतं. १९५९ मध्ये संसदेने अणुऊर्जा कायद्यात २७४ वं कलम घातलं. राज्याचा गव्हर्नर केंद्राशी करार करू शकतो. राज्याचे नियम आणि माणसं पुरेशी आहेत अशी केंद्राची खात्री पटली, की ठरावीक प्रकारच्या पदार्थांवरचा आपला अधिकार केंद्र सोडून देतं. १९६२ मध्ये केंटकीने असा पहिला करार केला. आज पन्नासपैकी चाळीसच्या आसपास राज्यं करारात आहेत आणि देशातले बहुसंख्य परवाने त्यांच्याकडूनच दिले जातात.

इथे एक बारकावा आहे आणि तो पुष्कळदा निसटतो. राज्य इथे केंद्राचं मुनीम म्हणून काम करत नाही. केंद्र आपला अधिकार खरोखर थांबवतं आणि राज्य स्वतःच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याखाली परवाने देतं, तपासणी करतं, दंड करतं. केंद्राचा आयोग, म्हणजे न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन किंवा रोजच्या बोलण्यातलं एनआरसी, फक्त दोन गोष्टी पाहतो: राज्याचा कारभार लोकांच्या सुरक्षेला पुरेसा आहे का, आणि तो देशाच्या नियमांशी मिळताजुळता आहे का. दर चार वर्षांच्या आसपास एक चमू येतो. त्यात एनआरसीच्या लोकांबरोबर दुसऱ्या करार-राज्यांचे अधिकारीही असतात. पुरेशी आणि प्रशिक्षित माणसं आहेत का, तपासण्या वेळेवर होतात का, तपासणीचा आणि परवान्यांचा दर्जा काय, अपघात आणि तक्रारी कशा हाताळल्या, या पाच गोष्टी ते चाळून पाहतात. राज्याचे निरीक्षक तपासणीला जातात तेव्हा हे लोक त्यांच्याबरोबर जाऊन नुसते उभे राहून बघतात. कारभार फारच ढासळला तर केंद्र करार मागेही घेऊ शकतं.

अणुभट्ट्या, आयात-निर्यात आणि केंद्र सरकारच्या मालकीच्या जागा मात्र एनआरसीकडेच राहिल्या. त्यामुळे टेक्ससच्या एकाच शहरातल्या दोन रुग्णालयांत अगदी सारखं उपकरण असलं, तरी खासगी रुग्णालयाकडे राज्याचा परवाना असतो आणि माजी सैनिकांच्या रुग्णालयाकडे केंद्राचा. सायक्लोट्रॉनसारख्या, कणांना वेग देणाऱ्या यंत्रात बनणारे किरणोत्सारी पदार्थ आणि रेडियम २००५ च्या कायद्याने अखेर केंद्राच्या व्याख्येत आले. करार-राज्यांना त्याने फारसा फरक पडला नाही, ती आधीपासूनच हे पाहत होती.

परवाना म्हणजे नेमकं काय

किरणोत्सर्गाचं नियंत्रण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मीटरची टिकटिक येते. पण या विभागांचा बहुतेक वेळ एका साध्या प्रश्नात जातो: ही वस्तू या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे, आणि त्या माणसाला हे माहीत आहे का? मोठ्या अपघातांच्या गोष्टी वाचत गेलं की हेच जाणवतं. भौतिकशास्त्र क्वचितच दगा देतं. दगा देते ती वस्तू आणि जबाबदार माणूस यांच्यातली तुटलेली साखळी.

म्हणून परवाना कोरा अनुमतिपत्र नसतो. कोणता पदार्थ, कोणत्या रूपात, जास्तीत जास्त किती, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. प्रत्येक परवान्यात रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून एका माणसाचं नाव घातलेलं असतं. तो माणूस नोकरी सोडून गेला तर परवान्यात दुरुस्ती करून घ्यावी लागते. मोठा साठा असेल, तर धंदा बुडाल्यावर जागा साफ करायचे पैसे कुठून येणार याची हमी आधीच द्यावी लागते. अर्ज करताना संस्थेने लिहून दिलेली आश्वासनं, म्हणजे कुलपं कशी असतील, मीटर किती वेळा तपासून घेऊ, नव्या माणसाला काय शिकवू, ही परवान्याचा भाग बनतात. नंतर निरीक्षक येतो तेव्हा तो याच आश्वासनांवर बोट ठेवतो. तुम्हीच लिहून दिलं होतं, मग केलं का नाही, असा तो सवाल असतो आणि त्यापुढे फारसा बचाव उरत नाही.

कागदावरची ही व्यवस्था किती पक्की आहे, हे अमेरिकेच्या संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने, गाओने, एकदा भलत्याच पद्धतीने तपासलं. २००७ मध्ये तिच्या लोकांनी अस्तित्वातच नसलेल्या कंपनीच्या नावाने एनआरसीकडे माती मोजायच्या उपकरणांच्या परवान्यासाठी अर्ज केला. २८ दिवसांत परवाना हातात आला. कोणी प्रत्यक्ष भेटायला आलं नाही. मग त्यांनी त्या परवान्याची नक्कल करून उपकरणांची मर्यादा काढून टाकली आणि पुरवठादारांकडून परवान्याला न शोभणाऱ्या संख्येत उपकरणं मिळवायची बोलणी केली. त्याच वेळी एका करार-राज्याकडेही असाच अर्ज गेला होता. तिथल्या अधिकाऱ्यांनी कळवलं की आम्ही आधी तुमची जागा बघायला येऊ. जागा नव्हतीच. अर्ज मागे घेण्यात आला.

मला ही गोष्ट फार आवडते. राज्याच्या त्या अधिकाऱ्याने काहीही शोधून काढलं नव्हतं. त्याने फक्त प्रत्यक्ष येऊन पाहतो म्हटलं होतं. या प्रकरणानंतर अनोळखी अर्जदाराची जागा आधी बघायची, हा सगळीकडचाच शिरस्ता झाला.

आता गोष्टीची दुसरी बाजू. २०१६ मध्ये गाओने पुन्हा तीन बनावट कंपन्यांचा प्रयोग केला असल्याचं जाहीर केलं. या वेळी तिने खऱ्या जागा भाड्याने घेतल्या होत्या. दोन प्रयत्न फसले. तिसऱ्यात मात्र अधिकारी येऊन जागा बघून गेले आणि तरीही परवाना मिळाला. तो परवाना दाखवून एका पुरवठादाराकडे मागणी नोंदवली, परवान्यात फेरफार करून दुसऱ्याकडेही तीच नोंदवली, म्हणजे मंजूर झाल्याच्या दुप्पट माल मिळण्याची सोय झाली. भेट देणं आणि भेटीत नीट पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सगळ्यांना त्यातून कळलं. शिवाय एक जुनी फट उघडी पडली: विकणाऱ्याने कागदावर विश्वास ठेवायचा की परवाना देणाऱ्याला विचारायचं? किरणोत्सारी पदार्थाच्या अशा तुकड्याला किंवा कुपीला स्रोत म्हणतात आणि धोक्यानुसार स्रोतांचे गट पाडलेले असतात. सगळ्यांत धोकादायक दोन गटांतल्या स्रोतांसाठी देशभराची एक नोंदवही २००९ पासून आहे. त्यात प्रत्येक स्रोताचा क्रमांक, मालक आणि प्रत्येक हस्तांतर नोंदलं जातं. या दोन गटांत माल पाठवण्यापूर्वी परवाना खरा आहे का हे विचारून घ्यावं लागतं, आणि स्रोताजवळ एकट्याने जाऊ शकणाऱ्या माणसाच्या बोटांचे ठसे व पूर्वचरित्रही तपासलं जातं. गाओने प्रयोगात वापरला तो माल त्याखालच्या, तिसऱ्या गटातला होता.

निरीक्षक काय बघतो

तपासणी किती वेळा करायची हे धोक्यावर ठरतं. ट्रकमधून इरिडियम घेऊन फिरणाऱ्या आणि पाइपलाइनच्या सांध्यांचे फोटो काढणाऱ्या औद्योगिक रेडिओग्राफी कंपनीची तपासणी साधारण दर वर्षी होते. माती मोजायचं गेज बाळगणाऱ्या कंत्राटदाराकडे पाच वर्षांतून एकदा. बऱ्याचदा निरीक्षक न सांगता येतात, आणि रेडिओग्राफीच्या बाबतीत तर कार्यालयापेक्षा रात्रीच्या वेळी काम चाललेलं असतं त्या ठिकाणीच जाणं त्यांना पसंत असतं. कार्यालयात सगळ्यांचे कागद छान असतात.

त्या ठिकाणी पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. तात्पुरत्या जागी काम चालू असताना दोन पात्र माणसं हवीत, एकट्याने काम करायचं नाही. प्रत्येकाच्या अंगावर डोस नोंदवणारा बॅज हवा, लगेच वाचता येईल असं डोसीमीटर हवं आणि तासाला ५ मिलिसिव्हर्टच्या (मिलिसिव्हर्ट हे शरीराला मिळालेला डोस मोजायचं माप) पातळीला ओरडणारा अलार्म हवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, प्रत्येक फोटोनंतर हातात मीटर घेऊन स्रोत कवचात परत गेला आहे याची खात्री करायची. स्रोताला जोडलेली तार मागे खेचली म्हणजे स्रोत आत आलाच, असं समजायचं नाही.

हा शेवटचा नियम अनेकांना किचकट वाटतो. तो का आहे, हे सांगायला १९९२ सालची पेनसिल्व्हेनियातली घटना पुरेशी आहे. तेव्हा ते राज्य करारात नव्हतं, परवाना एनआरसीचा होता. कर्करोगाच्या एका उपचार केंद्रात एका वृद्ध बाईंच्या शरीरात नळ्यांमधून इरिडियमचा स्रोत सोडून उपचार चालले होते. यंत्रात तार तुटली आणि स्रोत नळीतच राहिला. भिंतीवरचा अलार्म लागला. पण यंत्राच्या फलकावर सगळं सुरक्षित असल्याचं दिसत होतं, आणि त्या अलार्मचा पूर्वीचा अनुभव चांगला नसल्यामुळे कर्मचाऱ्यांनी फलकावर विश्वास ठेवला. हातात धरायचं मीटर केंद्रात होतं. ते कोणी उचललं नाही. बाई स्रोतासकट आपल्या वृद्धाश्रमात परत गेल्या. काही दिवसांनी त्या वारल्या. नळी गळून वैद्यकीय कचऱ्यात गेली होती, आणि ओहायोत कचऱ्याच्या ठिकाणी बसवलेल्या किरणोत्सर्ग मापकाचा गजर वाजला तेव्हा कुठे मागचा मागोवा सुरू झाला. चौकशीअंती ९४ लोकांना कमी-अधिक डोस मिळाल्याचं निघालं: परिचारिका, आश्रमातले रहिवासी, भेटायला आलेले लोक, कचरा वाहणारे. मीटर फिरवायला लागला असता तो अर्धा मिनिट.

निरीक्षकाच्या वहीत आकडेही असतात. कामगाराला वर्षाला जास्तीत जास्त ५० मिलिसिव्हर्ट. गरोदर असल्याचं जिने स्वतःहून लेखी कळवलं आहे अशा कामगार स्त्रीच्या गर्भाला संपूर्ण काळात ५. परवानाधारकाच्या कामामुळे बाहेरच्या माणसाला वर्षाला १. या शेवटच्या आकड्याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे ६.२ मिलिसिव्हर्ट मिळतात, त्यातले निम्मे जमीन, आकाश आणि घरातल्या हवेतून, आणि उरलेले जवळपास सगळे वैद्यकीय तपासण्यांतून. म्हणजे शेजारच्या कारखान्याला दिलेली मुभा नैसर्गिक पातळीच्याही एक तृतीयांश आहे. पण मर्यादेच्या आत असणं पुरेसं नसतं. शक्य तेवढा डोस कमी ठेवायचा, हे वेगळं बंधन असतं, आणि ४९ मिलिसिव्हर्टचा बॅज दाखवून आम्ही नियमात आहोत असं म्हणणाऱ्या कंपनीला निरीक्षक सहजासहजी सोडत नाही.

रुग्णाला मात्र अशी मर्यादा नाही, आणि हे ऐकून अनेक जण चकित होतात. कर्करोगावर उपचार करताना किती डोस द्यायचा हे डॉक्टर ठरवतो, सरकार नाही. सरकार एवढंच पाहतं की डॉक्टरने लिहिलं तेच रुग्णाला मिळालं का. किरणोत्सारी पदार्थ वापरून केलेल्या उपचारात मिळालेला डोस लिहिलेल्यापेक्षा वीस टक्के किंवा अधिक वेगळा निघाला आणि ठरावीक पातळी ओलांडली, तर दुसऱ्या दिवसाच्या आत नियामकाला कळवावं लागतं. या नियमामागे ओहायोतल्या कोलंबस शहराचा अनुभव आहे. तिथल्या एका रुग्णालयात १९७४ ते १९७६ या काळात कोबाल्ट-६० च्या यंत्राची ताकद दिवसेंदिवस किती घटते याचा आलेख चुकीचा काढला गेला. यंत्र आहे त्यापेक्षा अशक्त आहे असं समजून रुग्णांना जास्त वेळ किरणांखाली ठेवलं गेलं, आणि चारशेहून अधिक रुग्णांना जादा डोस गेला. यंत्र प्रत्यक्ष मोजलं असतं तर फरक लगेच कळला असता, पण जवळपास दोन वर्षं कोणी मोजलंच नाही. पुढे नियमित मोजणी सक्तीची झाली.

चूक सापडली की काय होतं? लहान चुकीला लेखी सूचना, दुरुस्तीची मुदत आणि पुढच्या वेळी पुन्हा तपासणी. गंभीर चुकीला दंड, परवान्यावर जादा अटी. लोकांना तातडीचा धोका असेल तर विभाग लगेच काम बंद करण्याचा किंवा स्रोत जप्त करण्याचा आदेश काढू शकतो आणि सुनावणी नंतर होते. जाणूनबुजून खोटी नोंद केलेली निघाली तर मात्र सूर बदलतो. मीटरच्या वहीत न केलेल्या मोजण्या भरणं हा चुकून जास्त डोस लागण्यापेक्षा वाईट अपराध धरला जातो. मला हे रास्त वाटतं. वही खोटी निघाली की पुढची सगळी साखळीच अंधारात जाते.

फिरती वस्तू, हरवलेली वस्तू

स्थिर यंत्रावर लक्ष ठेवणं सोपं. खरी डोकेदुखी फिरत्या वस्तूंची. माती मोजायचं गेज ट्रकमधून चोरीला जाणं ही या विभागांची नेहमीची तक्रार आहे. चोराला सहसा ट्रक किंवा ट्रकमधली अवजारं हवी असतात, पिवळ्या पेटीत काय आहे हे त्याला ठाऊकही नसतं. म्हणून २००५ पासून नियम असा, की लक्ष नसताना गेज किमान दोन स्वतंत्र अडथळ्यांमागे हवं: पेटीला साखळी आणि कुलूप, आणि शिवाय गाडीला किंवा खोलीला कुलूप.

एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यातही चालतो, पण आधी कळवावं लागतं, आणि साधारणपणे वर्षाला १८० दिवसांपर्यंतच. हे कळवणं कशासाठी? तर बाहेरून आलेल्या कंपनीचं काम चालू असताना तिथल्या राज्याच्या निरीक्षकाला जाऊन उभं राहता यावं म्हणून. सगळ्या राज्यांचे नियम साधारण सारखे असल्याशिवाय हे जमत नाही. त्यासाठी राज्यांच्या किरणोत्सर्ग विभागप्रमुखांची एक संघटना १९६८ पासून आहे. ती नमुन्याचे नियम लिहिते आणि राज्यं ते थोडेफार बदलून घेतात.

सप्टेंबर २०१२ मध्ये टेक्ससमध्ये पेकोस आणि ओडेसा यांच्या दरम्यान तेलविहिरीच्या कामातली अमेरिशियमची जेमतेम वीतभर लांब नळी रस्त्यात हरवली. कामगार एका विहिरीवरून दुसरीकडे जात होते आणि तिथे पोचल्यावर स्रोत पेटीत नव्हता. राज्याच्या आरोग्य खात्याने जनतेला नळीचं वर्णन कळवलं, दिसली तर हात लावू नका म्हणून सांगितलं आणि तो सगळा रस्ता मीटर लावून धुंडाळला गेला. सुमारे महिनाभराने ती रस्त्याकडेला तेलक्षेत्रातल्याच एका कामगाराला मिळाली.

हरवलेलं कोणाला कळलंच नाही तर? त्याचं उदाहरण १९८४ चं आहे आणि ते ऐकताना अजूनही अंगावर काटा येतो. अमेरिकेतून मेक्सिकोतल्या हुआरेझ शहरात एक जुनं कोबाल्ट-६० यंत्र विकलं गेलं होतं. तिथे ते गोदामात पडून राहिलं, मग भंगारात गेलं आणि फुटलं. त्यातल्या सुमारे सहा हजार बारीक गोळ्या भंगारात मिसळल्या, लोखंडाबरोबर वितळल्या आणि बांधकामाच्या सळया व टेबलांचे पाय बनून बाजारात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये सळया घेऊन जाणारा एक ट्रक न्यू मेक्सिकोत रस्ता चुकून लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेच्या दाराजवळ गेला आणि तिथला अलार्म वाजला. ट्रक चुकला नसता तर किती घरं त्या सळयांवर उभी राहिली असती, कोण जाणे. त्यानंतर अनेक राज्यांच्या विभागांनी सळया आणि टेबलांचे पाय शोधत फिरायचं काम केलं. मोठ्या भंगार आणि पोलाद कारखान्यांच्या फाटकांवर किरणोत्सर्ग मापक बसण्याला या घटनेनेच जोर दिला. आज फाटकावरचा मापक वाजला की पहिला फोन राज्याच्या विभागाला जातो.

कागदावर मालक आहे पण मालकालाच ठाऊक नाही, असाही एक प्रकार असतो. बाहेर जायचा रस्ता दाखवणाऱ्या काही पाट्या ट्रिशियम या किरणोत्सारी वायूवर, विजेशिवाय उजळतात. त्यांना स्वतंत्र परवाना लागत नाही, विकत घेणारा आपोआप नियमांखाली येतो आणि हरवली तर कळवणं किंवा ठरलेल्या मार्गानेच परत करणं त्याला बंधनकारक असतं. एका मोठ्या दुकानसाखळीने हिशेब लावायला घेतला तेव्हा जवळपास १५,८०० पाट्या बेपत्ता निघाल्या. दुकानांची डागडुजी करताना त्या सरळ कचऱ्यात गेल्या असणार. एकेका पाटीचा धोका फारसा नाही. पण मालकी नावापुरती दिली तर काय होतं, हे त्यात दिसतं.

एक्स-रे यंत्रांची गोष्ट त्या मानाने सोपी. यंत्र कसं बनवायचं हे १९६८ च्या कायद्याने केंद्राच्या औषध प्रशासनाकडे आहे. विकत घेतल्यावर ते राज्यात नोंदवायचं, भिंतीत पुरेसं शिसं आहे का, किरणांचा झोत हवा तेवढाच पडतो का, हे राज्याने बघायचं. यंत्र चालवणाऱ्याला किती शिक्षण हवं, याबाबत मात्र राज्याराज्यांत बराच फरक आहे, आणि तो इतकी वर्षं तसाच राहिला आहे हे मला तरी खटकतं.

आणि एक जागा अशी, जिथे परवाना द्यायला कोणीच नाही. डिसेंबर १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्राच्या बांधकामावरचा एक अभियंता कामावर येताना फाटकावरचा अलार्म वाजवू लागला, आणि अणुभट्टी तर अजून वीज बनवूही लागली नव्हती. किरणोत्सर्ग त्याच्या घरातून येत होता. घराखालच्या खडकातून झिरपलेल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची पातळी तिथे लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी निघाली. आज ४ च्या वर गेली की घर दुरुस्त करायला सांगतात. जमिनीला परवाना देता येत नाही आणि दंडही करता येत नाही. म्हणून कित्येक राज्यांत हे विभाग रेडॉन मोजणाऱ्यांना प्रमाणपत्रं देतात आणि लोकांना घर तपासून घ्यायला सांगत राहतात.

स्रोताचं काम संपलं तरी परवाना संपत नाही. वस्तू अधिकृत ठिकाणी पोचल्याचा पुरावा, जागेची शेवटची मोजणी आणि विभागाची सही झाल्यावरच जबाबदारी सुटते. ही शेवटची पायरीही निसरडी असू शकते. मे २०१९ मध्ये सिएटलच्या एका संशोधन इमारतीत रक्ताच्या नमुन्यांवर किरण सोडायचं सिझियमचं जुनं यंत्र काढून न्यायचं काम चालू होतं. सुरक्षिततेसाठीच केंद्र सरकारने आखलेल्या योजनेतलं हे काम. स्रोत बाहेर काढताना कापणीत त्याचं आवरण फुटलं. सिझियमची पूड बाहेर आली, तेरा लोकांना ती लागली आणि सात मजली इमारत बंद करावी लागली. काम करणारी माणसं केंद्राच्या कंत्राटातली, इमारत विद्यापीठाची, आणि इमारत पुन्हा वापरण्याजोगी झाली की नाही हे ठरवायचं होतं वॉशिंग्टन राज्याच्या आरोग्य खात्याला.

ही यंत्रं काढून त्यांच्या जागी एक्स-रेवर चालणारी यंत्रं बसवायला केंद्र सरकार मदत देतं. संसदेने २०१८ मध्ये ठरवलेलं उद्दिष्ट असं, की रक्तासाठी वापरायची सिझियमची यंत्रं २०२७ अखेरपर्यंत रुग्णालयांनी आपखुशीने सोडून द्यावीत. एक्स-रे यंत्राचं बटण बंद केलं की, दिवा मालवावा तसे, किरण संपतात. मग बोटांचे ठसे, चोवीस तासांचा पहारा, देशाच्या नोंदवहीतला क्रमांक, यांतलं काहीच लागत नाही. राज्याकडे त्या यंत्राची नोंद करायची आणि अधूनमधून निरीक्षक येऊन ते पाहून जातो.